पाळीव ससा आणि नाशिकची दुपार: पंखा, कूलर की बीळ?

पाथर्डी_फाटा | १२ एप्रिल, रात्री १०:१५

आमच्या घरी दोन वर्षांचा, साधारण दोन किलो वजनाचा पांढरा ससा आहे. लेकीने त्याचे नाव कापूस ठेवले आहे. आमची सदनिका इमारतीच्या सर्वांत वरच्या मजल्यावर असून बाल्कनी पश्चिमेकडे उघडते, त्यामुळे दुपारी दोननंतर तिथे उभे राहणेही नकोसे होते.

गेल्या वर्षी मे महिन्यात एका दुपारी कापूस बाल्कनीतल्या पिंजऱ्यात अंग पसरून पडलेला दिसला. नाकपुड्या फार वेगाने हलत होत्या, नाकाभोवतीची लव ओली झाली होती आणि कान हाताला चटका बसेल इतके तापले होते. आम्ही घाबरून त्याला घरात आणले, ओल्या फडक्यावर ठेवले आणि तो वाचला. पण पुढचे दोन दिवस त्याने घासाला तोंड लावले नाही. ज्यांच्याकडून ससा घेतला त्यांनी "हिरवा पाला दिला की पाणी लागत नाही, उलट पाण्याने ससा मरतो" असे बजावले होते आणि आम्ही ते पहिले वर्षभर खरे मानले, हे कबूल करायला हवे.

यंदा उन्हाळा नुकताच चढू लागला आहे, म्हणून आताच विचारते. ससा स्वतःचे अंग कसे थंड ठेवतो? कान तापणे हे आजाराचे लक्षण की त्याच्या शरीराची धडपड? आणि पंखा, कूलर, बर्फ यांपैकी नेमके काय उपयोगी पडते?

कॉलेज_रोड | १२ एप्रिल, रात्री १०:५०

आमच्याकडे पूर्वी दोन ससे होते. आम्ही त्यांना उन्हाळ्यात रोज कलिंगड देत असू आणि आठवड्यातून दोनदा टबात अंघोळ घालत असू. त्यांना ते आवडत असावे, कारण ते अगदी शांत बसत.

पशुवैद्य_देवळाली | १३ एप्रिल, सकाळी ७:३०

वरच्या प्रतिसादातील शांततेविषयी आधी लिहितो, कारण तो गैरसमज महाग पडतो. टबात घातलेला ससा निपचित बसतो तो भीतीने. भक्ष्य होणारा प्राणी संकटात हालचाल थांबवतो. भिजलेली दाट लव तासन्‌तास वाळत नाही आणि धडपडीत सशाचा मणका मोडल्याचीही उदाहरणे आहेत. कलिंगडाची एखादी लहान फोड अधूनमधून चालेल, पण रोजच्या साखरेने आतड्यातील जंतूंचा समतोल बिघडतो आणि जुलाब लागतात.

आता धागालेखिकेच्या प्रश्नाकडे वळतो. निरोगी सशाचे शरीराचे तापमान ३८.५ ते ४० अंश सेल्सिअस असते, म्हणजे आपल्याहून मुळातच जास्त. सशाला अंगावर घाम येत नाही. कुत्र्याप्रमाणे जीभ बाहेर काढून धापा टाकण्याची सोयही त्याच्याकडे जवळजवळ नाही, कारण तो नाकानेच श्वास घेतो. विश्रांतीत मिनिटाला ३० ते ६० असणारे श्वास उष्म्यात कित्येक पटींनी वाढतात आणि नाकातील ओलाव्याची थोडी वाफ होऊन थोडी उष्णता बाहेर जाते, पण तेवढ्याने भागत नाही. ससा तोंड उघडून श्वास घेऊ लागला असेल, तर तो अत्यवस्थ आहे असे समजावे.

राहिले कान. ते तापणे हा आजार नव्हे. शरीर आतली उष्णता कानांच्या वाटेने बाहेर टाकते आहे, एवढाच त्याचा अर्थ. मात्र तुमच्या कापसाची नाकाभोवतीची लव ओली होती आणि तो उठत नव्हता, तेव्हा कानांचे प्रयत्न अपुरे पडून उष्माघाताला सुरुवात झाली होती, असे मी म्हणेन. तो नशिबाने वाचला.

पाण्याविषयी एकच वाक्य पुरे: दोन किलोच्या सशाला दिवसाला १०० ते २०० मिलिलिटर पाणी लागते, उन्हाळ्यात त्याहूनही अधिक, आणि ते नळीच्या बाटलीपेक्षा जड, पसरट चिनी मातीच्या भांड्यात ठेवले तर ससा जास्त पितो.

निवृत्त_मास्तर | १३ एप्रिल, दुपारी ३:१०

मी पस्तीस वर्षे शाळेत भौतिकशास्त्र शिकवले आणि नातवाच्या हट्टामुळे गेली चार वर्षे ससा सांभाळतो आहे, त्यामुळे या विषयात माझे दोन्ही स्वार्थ आहेत.

सशाचे कान म्हणजे मोटारीतला रेडिएटर समजा. दोन्ही कानांचे मिळून क्षेत्रफळ शरीराच्या एकूण पृष्ठभागाच्या सुमारे १२ टक्के असते, त्यावर लव अगदी तुरळक असते आणि त्वचेखाली रक्तवाहिन्यांचे दाट जाळे असते. धमनी आणि शीर यांना थेट जोडणारे बारीक मार्ग तिथे असतात. हवा गार असताना ते आकसतात आणि कान जवळजवळ खोलीच्या तापमानाला येतात, तर उष्म्यात ते मोकळे होऊन कानांत रक्ताचा लोट वाहू लागतो. उजेडासमोर धरलेल्या कानात जाडसर झालेल्या शिरा सहज दिसतात. तिथे रक्त थोडे निवते आणि परत अंगात जाते.

परंतु या यंत्रणेची एक अट आहे आणि ती फारसे कोणी सांगत नाही. उष्णता अधिक तापमानाकडून कमी तापमानाकडे वाहते. सशाच्या रक्ताचे तापमान ३९ अंश आणि हवेचे २५ अंश असेल, तर १४ अंशांच्या फरकावर कान उत्तम काम करतात. हवा ३४ अंशांवर गेली की फरक पाचच अंशांचा उरतो. आणि आपल्याकडे एप्रिल-मेच्या दुपारी पारा चाळिशीला टेकतो, तेव्हा हेच कान हवेतील उष्णता आत ओढू लागतात. म्हणजे ज्या वेळी सशाला कानांची सर्वाधिक गरज असते, नेमके त्याच वेळी ते निकामी होतात.

थोडा हिशेब मांडतो, सवय जात नाही. स्वस्थ बसलेल्या दोन किलोच्या प्राण्याचे शरीर ताशी साधारण पाच किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता शोषली जाते. म्हणजे कान निकामी झाल्यावर केवळ बाष्पीभवनावर भागवायचे, तर सशाच्या अंगावरून ताशी आठ-नऊ ग्रॅम, म्हणजे दोन लहान चमचे पाणी उडून जायला हवे, आणि तेही वाफेसाठी लागणारी सगळी उष्णता हवेतून न येता सशाच्याच अंगातून आली तर. घाम नसलेल्या प्राण्याने हे पाणी आणायचे कुठून? म्हणून ते आपण द्यायचे: दर वीस-पंचवीस मिनिटांनी कानांच्या बाहेरच्या बाजूला ओला हात फिरवायचा. कानात पाणी जाऊ द्यायचे नाही.

पाथर्डी_फाटा | १३ एप्रिल, रात्री ९:२०

मास्तर, हे वाचून गेल्या वर्षीची दुपार नव्याने कळली. मग पंख्याचा उपयोग शून्य समजायचा का? आणि आम्ही दोघेही नोकरी करतो, लेक शाळेतून दोनला येते. दर वीस मिनिटांनी कान ओले करायला घरी कोणी नसते.

निवृत्त_मास्तर | १३ एप्रिल, रात्री १०:०५

शून्य नव्हे. हवा ३३-३४ अंशांपर्यंत असेल तोवर पंखा कानांभोवतीची तापलेली हवा हलवतो, त्यामुळे कानांचे काम सोपे होते. आपल्याला पंख्याखाली जो गारवा वाटतो तो मात्र बहुतांशी घाम सुकल्याचा असतो, आणि सशाला तो मिळत नाही. हवा चाळीसच्या घरात गेल्यावर कोरड्या सशावर पंखा सोडणे म्हणजे भट्टीचा भाता चालवणे होय.

भद्रकालीकर | १४ एप्रिल, सकाळी ६:४५

आमचा वाडा जुन्या नाशकातला, भिंती दीड हात जाडीच्या, खालच्या खोलीत शहाबादी फरशी. माझ्या वडिलांच्या काळापासून या घरात ससे आहेत आणि आम्ही त्यांच्यासाठी आजवर विजेचे कोणतेही उपकरण लावलेले नाही. त्यामागची पद्धत लिहितो.

नाशिकचा उन्हाळा कडक असला तरी कोरडा असतो आणि रात्री इथली हवा बरीच उतरते, हे आपले मोठे भाग्य आहे. आम्ही रात्री दहापासून पहाटेपर्यंत सगळ्या खिडक्या आणि मागचे दार जाळी लावून उघडे ठेवतो, म्हणजे भिंती आणि फरशी रात्रभर निवतात. सकाळी आठ-साडेआठला सर्व बंद करून जाड पडदे सोडतो. बाहेर चाळीस अंश असताना खालची खोली तिशीच्या आसपास राहते. खोलीच्या कोपऱ्यात कुंभाराकडून आणलेला, तोंड जरा मोठे काढून घेतलेला एक रांजण आडवा ठेवलेला असतो. त्याच्या कडा दगडाने घासून बोथट केल्या आहेत. सकाळी रांजण पाण्यात बुडवून काढायचा आणि खाली ओले गोणपाट घालायचे. नव्या मातीतून पाणी पाझरते, त्याची वाफ होते, आणि आतली भिंत दुपारपर्यंत गार राहते. ससा अकराला आत जाऊन बसतो तो पाचनंतरच बाहेर येतो. त्याला कोणी शिकवलेले नाही.

आजी म्हणत असे की सशाला थंडावा द्यायचा नसतो, थंड जागा द्यायची असते, मग तो आपले आपण पाहतो.

सिन्नरकर | १४ एप्रिल, सकाळी ९:३०

एक मूलभूत शंका आहे. आमच्या शेतात, जिथे मे महिन्यात बांधावरचे गवतही करपते, तिथे रानससे वर्षानुवर्षे मजेत राहतात. त्यांना ना रांजण, ना बीळ. मग घरातला ससाच एवढा नाजूक का?

पशुवैद्य_देवळाली | १४ एप्रिल, रात्री ८:४०

शंका रास्त आहे, परंतु हे दोन वेगळे प्राणी आहेत. शेतातला आपला ससा शास्त्रीय नावाने लेपस नायग्रिकोलिस. तो बीळ खोदत नाही. झुडपाखाली किंवा गवतात अंगापुरता खळगा करून दिवसभर पडून राहतो आणि रात्री चरतो. त्याचे शरीर सडपातळ, पाय लांब, आणि पिल्ले जन्मतःच लवेसह, उघड्या डोळ्यांनी येतात. (जाता जाता: शेतात सापडलेले त्याचे पिल्लू घरी आणू नये. आई जवळपासच असते, आणि १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानुसार तो पाळताही येत नाही.)

घरोघरी पाळले जाणारे ससे मात्र युरोपातील ऑरिक्टोलेगस क्युनिक्युलस या जातीचे वंशज आहेत. त्यांचे मूळ स्पेन-पोर्तुगालच्या द्वीपकल्पातले. तिथेही उन्हाळा कडक असतो, पण हा प्राणी जमिनीखाली बिळांचे जाळे खोदून कळपाने राहतो, दुपार बिळात काढतो आणि पहाटे व संध्याकाळी बाहेर पडतो. जमिनीखाली काही हात गेले की दिवस-रात्रीच्या तापमानातला फरक जवळजवळ नाहीसा होतो. म्हणजे उष्म्याविरुद्ध त्याच्याजवळची मुख्य युक्ती शरीरात नाही, जमिनीत आहे.

याचा सर्वांत मोठा पुरावा ऑस्ट्रेलियात मिळतो. १८५९ साली व्हिक्टोरिया प्रांतात टॉमस ऑस्टिन या जमीनदाराने इंग्लंडहून आणवलेले मोजके ससे शिकारीच्या हौसेखातर सोडले, आणि पुढच्या काही दशकांत ते वाळवंटी भागांपर्यंत पसरले. मास्तरांच्या हिशेबाने ज्या हवेत ते जगायला नकोत, त्या हवेत ते फोफावले, कारण त्यांच्याकडे बिळे होती. आजही तिथले शेतकरी सशांचा उपद्रव कमी करायचा असेल तर ट्रॅक्टरला दाते लावून बिळेच उखडून काढतात.

आपण काय करतो, तर त्याच प्राण्याला पत्र्याच्या छताखाली जमिनीपासून चार फूट उंच टांगलेल्या जाळीच्या पिंजऱ्यात ठेवतो आणि मग कोणता पंखा घ्यावा याची चौकशी करतो. भद्रकालीकरांच्या रांजणाला मी पूर्ण गुण देईन.

मखमलाबाद_मळा | १५ एप्रिल, दुपारी १:००

खाण्याविषयी कोणी फारसे लिहिलेले नाही, म्हणून थोडे भर घालतो. सशाच्या पोटात अन्न आंबत असते आणि त्या क्रियेतून सतत उष्णता निर्माण होते, त्यामुळे उष्म्यात तो आपणहून कमी खातो. आम्ही उन्हाळ्यात सुका चारा आणि हरळी दिवस मावळल्यावर भरपूर घालतो, दुपारी फक्त धुऊन ओली ठेवलेली कोथिंबीर. पानांवरचे पाणीही त्याच्या पोटात जाते. लसूणघास आपल्याकडे मुबलक मिळतो, पण मोठ्या सशाला तो रोज देऊ नये. त्यातील जादा कॅल्शियममुळे मूत्राशयात गाळ साचू शकतो.

द्राक्षबागांच्या परिसरात राहणाऱ्यांनी विशेष लक्ष द्यावे. एप्रिलच्या खरड छाटणीनंतर वेलींना लुसलुशीत पाने फुटतात आणि सशाला ती आवडतात, पण बागेवर कधी व कोणती फवारणी झाली आहे याची स्वतःला खात्री असल्याशिवाय ती देऊ नयेत. मी स्वतः बागाईतदार असूनही घरच्या अंगणातल्या न फवारलेल्या एका वेलाचीच पाने देतो.

कॉलेज_रोड | १५ एप्रिल, संध्याकाळी ६:३०

माझ्या पहिल्या प्रतिसादाबद्दल क्षमस्व. आमचे दोन्ही ससे एकाच उन्हाळ्यात गेले होते आणि आम्ही त्याला साथ समजलो होतो.

पाथर्डी_फाटा | २७ एप्रिल, रात्री १०:३०

पंधरा दिवस प्रयोग करून परत आले आहे. वाडा आमच्याजवळ नाही, पण तापमापक घेऊन घरभर फिरल्यावर काही गोष्टी उघड झाल्या. दुपारी तीन वाजता बाल्कनीत ४१ अंश, दिवाणखान्यात ३६, आणि घराच्या मधोमध असलेल्या, बाहेरची एकही भिंत नसलेल्या न्हाणीघराच्या फरशीवर ३०. एकाच घरात अकरा अंशांचा फरक! आम्ही ससा ठेवला होता तो नेमका सर्वांत तापणाऱ्या टोकाला.

दुसरे निरीक्षण अनपेक्षित होते. बाहेरची हवा संध्याकाळी सातनंतर सुखद होते, पण वरच्या मजल्यावर स्लॅब दिवसभर तापलेला असल्याने दिवाणखाना रात्री नऊपर्यंत ३५च्या खाली येत नाही. आम्ही ऑफिसातून येऊन "आता ऊन उतरले" म्हणून कापसाला पलंगाखालून बाहेर काढत होतो, ते चुकीचे होते. गच्चीवर सोसायटीच्या परवानगीने चुना मारून घेतल्यावर हा आकडा दोन अंशांनी उतरला.

सध्याची व्यवस्था अशी: न्हाणीघर सकाळी कोरडे करून त्यात आडवा रांजण, निम्म्या फरशीवर सुती चटई, दार जाळीचे. रांजणाशेजारी पाणी गोठवलेल्या दोन बाटल्या जुन्या मोज्यांत घालून ठेवतो. कापूस त्यांना पाठ लावून पसरतो. लेक शाळेतून आल्यावर त्याचे कान ओल्या हाताने पुसते आणि वहीत वेळ लिहिते.

निवृत्त_मास्तर | २७ एप्रिल, रात्री ११:००

एक किलो बर्फ वितळताना ८० किलोकॅलरी उष्णता शोषतो. त्यातली बरीचशी खोलीतून येते हे खरे, पण सशाच्या ताशी पाचच्या तुलनेत हा साठा मोठा आहे. बाटली काठोकाठ भरू नका, गोठताना पाणी प्रसरण पावून ती फुटेल.

मुलीच्या वहीचे विशेष कौतुक.

पशुवैद्य_देवळाली | २८ एप्रिल, सकाळी ७:१५

चटई घातलीत हे उत्तम. सशाच्या तळव्यांना गादी नसते, नुसती लव असते. सततच्या गुळगुळीत किंवा ओल्या फरशीने तळव्यांना जखमा होतात.

गरज पडू नये, तरी लिहून ठेवतो. उष्माघाताची लक्षणे दिसल्यास सशाला सावलीत आणावे, कान आणि पाय साध्या गार पाण्याने ओले करावेत, खाली ओले फडके घालावे आणि ताबडतोब दवाखाना गाठावा. बर्फाच्या पाण्यात बुडवू नये, कारण त्याने कातडीतील रक्तवाहिन्या आकसतात आणि आतली उष्णता आतच अडकते. अर्धवट शुद्धीतल्या सशाच्या तोंडात पाणी ओतू नये, ते फुप्फुसात जाते. माणसाची तापाची गोळी देऊ नये. हा ताप नव्हे. आणि ससा सावरल्यासारखा दिसला तरी पुढचे बारा तास लेंड्या पडतात की नाही हे पाहावे. आतडे थंडावले तर ससा उष्म्याने नव्हे, त्यानंतरच्या उपासाने दगावतो. गेल्या वर्षी कापूस दोन दिवस उपाशी होता, तेव्हा खरा धोका तो होता.

इंदिरानगर_७ | ३ मे, दुपारी ४:५०

सर्वांचा मान राखून एक विचारतो. एवढी धडपड करावी लागत असेल, तर नाशकात ससा पाळावाच का? लांब लवेचे अंगोरा ससे कुलूच्या डोंगरात वाढवतात, ते उगाच नाही.

भद्रकालीकर | ३ मे, रात्री ९:००

अंगोरा नाशकात आणू नये, याच्याशी मी सहमत आहे. लोंबत्या कानांचे आणि मानेभोवती आयाळ असलेले ससेही मी टाळीन. पण आखूड लवेच्या, उभ्या कानांच्या सशाला निफाडकडची थंडी तर मानवतेच, आणि उन्हाळ्याचे तीन महिने त्याला एक गार कोपरा लागतो. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांनाही तो लागतोच. ज्यांच्या घरात असा कोपरा नाही त्यांनी पाळू नये, हे मात्र मी स्पष्टपणे म्हणेन.

पाथर्डी_फाटा | २१ मे, रात्री ९:४५

परवा सकाळी दहा ते दुपारी चार वीज नव्हती आणि आम्ही दोघे कामावर होतो. घरी पोहोचेपर्यंत जीव थाऱ्यावर नव्हता. दिवाणखाना ३८ अंशांवर होता, बाटल्यांतील बर्फ पूर्ण वितळला होता, रांजण मात्र हाताला गार लागत होता आणि कापूस त्यात तोंड आत, शेपूट बाहेर करून झोपला होता. नाकपुड्यांची हालचाल लेकीने घड्याळ लावून मोजली, मिनिटाला ९० भरली. रात्री तो नेहमीसारखा जेवला. लेंड्याही मोजल्या, हे सांगायला आता संकोच वाटत नाही.

निवृत्त_मास्तर | ९ जून, सकाळी १०:२०

वळवाचे ढग जमू लागले आहेत, म्हणून एक सूचना. हवेत दमटपणा वाढला की पाण्याची वाफ होणे मंदावते, आणि रांजण, ओले गोणपाट, कूलर, ओले कान या सगळ्यांचे काम एकदम ढिले पडते. दमट ३३ अंश हे सशाला कोरड्या ३६ पेक्षा जड जाऊ शकतात. बंद खोलीत कूलर लावणाऱ्यांनी तर तो आता बंदच करावा. या दहा-बारा दिवसांत गार फरशी, बर्फाच्या बाटल्या आणि खेळती हवा यांवरच भिस्त ठेवा.

पशुवैद्य_देवळाली | ९ जून, दुपारी १२:००

आणि माश्या. ओलसर, मळलेल्या लवेवर माशीने अंडी घातली, तर दिवसाभरात अळ्या होतात. सशाची मागची बाजू रोज पाहावी.

पाथर्डी_फाटा | १६ जून, रात्री १०:१०

पाऊस आला. कापूस गेले तीन दिवस रांजणात गेलेला नाही, फक्त त्याची कड कुरतडतो. रांजण धुऊन, वाळवून माळ्यावर ठेवला आहे आणि त्यावर लेकीने खडूने "मार्चमध्ये काढणे" असे लिहिले आहे.